आधी तुम्ही मागं बसून बघा

ताई, स.न.वि.वि.
मी ६१ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच राहतो. बायकोला चार वर्षांपूर्वी काचबिंदू निघाला. थेंब चालू आहेत. समोरचं नीट दिसतं, पण कडेचं दिसत नाही, आणि अंधार पडला की ती माझा दंड सोडत नाही. लग्नाआधी ती सेवासदनला सायकलनं जायची. कोजागिरीला बहिणींबरोबर तुळजापूरला चालत जायचं तिनं एक वर्षही चुकवलं नव्हतं. आता तीन वर्षं झाली, ती बहिणींना सोलापुरातल्याच रूपाभवानीच्या देवळापर्यंत सोडते आणि परत येते.
मी रोज सकाळी सायकल चालवतो. पुण्यात एकाकडं जुनी टँडेम, म्हणजे दोघांनी पायंडल मारायची सायकल, विकायला आहे. ४२ हजार म्हणतोय. फोटो आणि व्हिडीओ बघितले, चकाचक आहे. अजून दोन गिऱ्हाइकं थांबलीत, लवकर कळवा म्हणाला. पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला ३५ वर्षं होतील. टेम्पोतून आणून बिल्डिंगखाली उभी करायची आणि तिला खाली बोलवायचं, असं मनात आहे. तिला अजून काही बोललेलो नाही. घ्यावी का? चालवून बघायला पुण्याला जायलाच हवं का? सायकल तर मला लहानपणापासून येते.
एक वाचक, जुळे सोलापूर

दादा,

पैसे पाठवू नका. दोन गिऱ्हाइकं थांबलेली असतात, ती नेहमीच थांबलेली असतात. नवी पेठेत चादर घ्यायला गेलं तरी आपल्याला आवडलेला नग शेवटचाच उरलेला असतो की. टँडेम घेणारी माणसं मुळात किती? ती सायकल महिनाभर तिथंच उभी असेल. आणि गेली तर गेली.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रूपाभवानीपाशी अडकले. दुसऱ्यांदा शेवटच्या वाक्यापाशी. ‘सायकल तर मला लहानपणापासून येते.’ येत असेल, पण तुम्ही घ्यायला निघालात त्यातली निम्मी सायकल तुमची नाहीच. त्या मागच्या निम्म्या सायकलवर वहिनी बसणार. तिला ब्रेक नसतो, गिअर नसतो. हँडल असतं, पण ते वळत नाही. पुढच्याच्या सीटच्या दांड्याला ते घट्ट आवळलेलं असतं, नुसतं धरायला. समोर रस्ता नाही, तुमची पाठ. पायसुद्धा आपल्या मर्जीचे नाहीत. पुढची आणि मागची पायंडलं एका चेननं जोडलेली असतात, तुमचे पाय फिरले की त्यांचे फिरणार, तुम्ही थांबलात की त्यांना थांबावंच लागणार. (मागच्याला आपलं आपण थांबता येईल अशाही टँडेम असतात, पण त्या ४२ हजारांत मिळणाऱ्यातल्या नव्हेत.)

अशा जागी बसायचं की नाही, हे बसणारीनं ठरवायचं असतं. टेम्पोतून उतरवलेली, हार घातलेली सायकल समोर उभी आहे, शेजारीपाजारी जमलेत, तुम्ही कौतुकानं बघताय, आणि वहिनी ‘मला भीती वाटते’ म्हणतील? ३५ वर्षं संसार केलाय त्यांनी. त्या हसतील आणि बसतील. त्यांचा घाबरलेला चेहरा तुम्हाला दिसणारही नाही, कारण त्या मागं असतील. अहो, नवऱ्यानं आणलेली साडी दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बदलून आणता येते. ही कुठं बदलणार?

आमच्या वडिलांचं भवानी पेठेत भाड्यानं सायकली द्यायचं दुकान होतं. गिरण्यांचे भोंगे वाजायचे त्या दिवसांतली गोष्ट. तासाला आठ आणे. वहीत नाव, सायकलचा नंबर आणि वेळ. पण नाव लिहायच्या आधी वडील म्हणायचे, “कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून ये, मग बोल.” पोरं चक्कर मारून यायची आणि सांगायची, काका, सीट उंच होतंय. काका, मागचा ब्रेक लागत नाही. काका, ही डावीकडं ओढते. मग पाना निघायचा. त्या चकरेचे पैसे नसायचे. एवढं बघत वाढलेली मी, पण एकदा ती चक्कर मारली नाही, आणि तीही नेमकी टँडेमवर.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. थंड हवेच्या एका गावी तळ्याकाठी तासावर टँडेम मिळायची. हे पुढं बसले, मला म्हणाले, “चल, बस.” मी एक पाय जमिनीवर ठेवून बसतेय तोवर यांनी आपलं पायंडल जागेवर आणायला उलटं फिरवलं. पुढचं फिरलं म्हणजे मागचंही फिरणारच. ते माझ्या नडगीवर असं बसलं की डोळ्यांपुढं काजवे. तरी निघालो. उतार लागला. मला यांच्या शर्टावरच्या रेघांशिवाय काही दिसत नव्हतं. शेळी आडवी आली, हे मला नंतर कळलं. यांनी ब्रेक दाबला आणि माझं नाक त्यांच्या पाठीत. पडलो नाही, पण यांना वाटलं मी मुद्दाम ढकललं आणि मला वाटलं यांनी मुद्दाम दाबला. तळ्याची उरलेली चक्कर आम्ही सायकल हातात धरून चालत पूर्ण केली, तासाचे पैसे दिले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत एकमेकांशी बोललो नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी आम्ही टँडेम घेतली. त्यावर मी आज १४ वर्षं मागं बसते. म्हणजे हे जे लिहितेय ते मागच्या सीटवरून लिहितेय असं समजा.

तेव्हा पुण्याला जायला हवं का? हो, जायलाच हवं, पण पहिल्या खेपेला वहिनींना मागं बसवायला नाही, स्वतः मागं बसायला. टँडेम चालवणारं ओळखीचं कुणी गाठा आणि त्याला पुढं बसवा. तुम्ही मागं. १५ मिनिटं पुरतात. त्यातली दोन मिनिटं डोळे मिटून बसा. गतिरोधक म्हणजे काय चीज आहे ते तेव्हा कळेल. रोज सकाळी तुम्ही तो ओलांडता तेव्हा तो आधी दिसतो, हात सैल होतात, ढुंगण सीटवरून आपोआप उचललं जातं. मागं बसल्यावर तो खालून थेट कण्यात येतो. ही १५ मिनिटं तुम्ही काढली नाहीत, तर पुढची सगळी वर्षं वहिनी ‘जरा हळू’ म्हणतील तेव्हा तुम्हाला वाटेल, त्यांना सवय नाही.

मग जागा बदला. तुम्ही पुढं, तो जाणकार मागं. इथं तुमची लहानपणापासूनची सायकल पहिल्यांदा गडबडेल. हळू जाताना हँडल जड लागतं, आणि मागच्यानं नुसती मान वळवून इकडंतिकडं बघितलं तरी सायकल हलते. वळायला दुप्पट जागा लागते. गल्लीत सहज मागं वळवता येईल असं वाटतं आणि चाक समोरच्या ओट्याला जाऊन लागतं. हे सगळं त्या जाणकाराला मागं घेऊन करून घ्या. वहिनींना घेऊन शिकू नका. नवा ड्रायव्हर पहिली खेप रिकामी मारतो.

इंग्रजीत पुढच्याला कॅप्टन म्हणतात आणि मागच्याला स्टोकर, म्हणजे आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकणारा. रेल्वेचं गाव आपलं, त्यामुळं मला तो शब्द ऐकल्या ऐकल्या आवडला. इंजिन तो हाकत नाही, पण त्याच्याशिवाय ते जातही नाही.

आता निघायचं कसं, ते सावकाश सांगते, कारण टँडेमवरचे निम्मे अपघात चाक फिरायच्या आधीच होतात असं माझं मत आहे. पुढच्यानं आधी सायकलच्या दांडीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायचं. पाय चांगले फाकवून, म्हणजे फिरणारी पायंडलं नडगीला लागत नाहीत. हँडल सरळ, दोन्ही ब्रेक दाबलेले, सायकल उभीच्या उभी. तुम्ही म्हणजे त्या वेळी सायकलचा स्टँड. मग मागच्यानं चढायचं, सीटवर पूर्ण बसायचं आणि दोन्ही पाय पायंडलांवर ठेवायचे. दोन्ही. इथंच सगळ्यांची फसगत होते, कारण जन्मभराची सवय एक पाय जमिनीवर ठेवायची. त्या वेळी पुढच्यानं सायकल इंचभर जरी कलू दिली तर मागच्याचा विश्वास गेलाच म्हणून समजा, आणि तो परत यायला महिने लागतात. वहिनींसाठी ही घडी सगळ्यात मोठी आहे. त्यांना कडेचं दिसत नाही, म्हणजे सायकल कलतेय की नाही हे डोळ्यांनी ताडता येणार नाही, ते शरीरालाच कळणार. घरच्या घरी भिंतीशी सायकल लावून नुसतं चढा-उतरायचं दहा वेळा करा. मला हे कुणी शिकवलं असतं तर नडगीवरचा तो व्रण नसता.

मागचा बसला की त्यानंच पायंडल उलटं फिरवून पुढच्याला निघायला लागेल तिथं, म्हणजे वरून जरा पुढं, आणून ठेवायचं. ब्रेक दाबलेले असले तरी उलटं फिरतं. मग पुढच्यानं विचारायचं, ‘तयार?’ मागचा ‘तयार’ म्हणाल्याशिवाय हलायचं नाही. मग ‘चल’, आणि दोघांचा जोर एकदम.

थांबताना मागच्यानं पाय खाली टेकायचा नाही. पाय टेकायचा तो पुढच्यानं. मागचा पायंडलांवर पाय ठेवून सीटवरच. उतरायचं ते सांगून, आणि ‘उतरले’ असं म्हणून. टँडेमवाल्यांत हा किस्सा जगभर सांगतात, की सिग्नलला मागची बाई उतरली, पुढच्याला कळलंच नाही आणि तो कोसभर एकटाच बोलत पुढं गेला. खरा की खोटा देव जाणे. आमच्यात तो एकदा सात रस्त्याला घडता घडता राहिला.

आणि बोलायचं. चालवताना पुढच्याच्या तोंडाला कुलूप असून चालत नाही. खड्डा आला तर ‘खड्डा’, गतिरोधक आला तर ‘उठ’, ब्रेक दाबायच्या आधी ‘थांबतोय’, पायंडल मारणं थांबवायचं तर ‘सोड’, गिअर बदलायच्या आधी ‘गिअर’, म्हणजे मागचा क्षणभर जोर कमी करतो आणि चेन कडकडत नाही. शब्द कुठलेही घ्या, पण दोघांनी मिळून ठरवा आणि एका शब्दाच्या वर नेऊ नका. ‘अगं जरा पुढं बहुतेक’ म्हणेपर्यंत खड्डा मागं गेलेला असतो. आमच्या खालच्या मजल्यावरचं जोडपं आमची सायकल मागून नेतं, त्यांचं तेलुगूतलं ‘पदा’ हेच निघायचं फर्मान आहे. ‘पदा’ म्हटलं की सगळी बिल्डिंग ओळखते. वहिनींसाठी एक शब्द जास्तीचा ठेवा. कडेनं कुणी ओव्हरटेक करत असेल तर तुम्ही ‘गाडी’ म्हणा. कडेनं न दिसणाऱ्या माणसाला कानाशी अचानक आलेला हॉर्न फार दचकवतो, आणि मागचा दचकला की सायकल दचकते.

वहिनींना हे कधी सांगायचं? पुण्याला जायच्या आधी. त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही एकदा विचारून घ्या. मग दुसऱ्या खेपेला दोघं जा. तीच सायकल पाहिजे असं नाही, सहलीच्या ठिकाणी तासावर मिळणारी टँडेम मिळाली तरी चालेल. ती जड असते, तिला गिअर नसतात, कुरकुरते. तिच्यावरून दुसऱ्या सायकलची पारख करू नका. तिच्यावर एवढंच बघायचं की वहिनींना मागं बसणं सोसतं का. मोकळं मैदान, वीस मिनिटं, बस. त्यांना मजा यायला लागली की थांबा, दमेपर्यंत ताणू नका. त्या दिवशी त्यांनी नको म्हटलं तर विषय तिथं संपला. ‘अजून एकदा’ म्हणायचं नाही. त्या आपणहून म्हणाल्या तर गोष्ट वेगळी.

दिसायला कमी असलेल्या माणसासाठी टँडेम म्हणजे तडजोड, असं काहींना वाटतं. तसं नाही. पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिहीन खेळाडू टँडेमवरच शर्यत लावतात. पुढं डोळस साथीदार असतो, त्याला पायलट म्हणतात, आणि पदक दोघांना मिळतं. पुण्याचे दिव्यांशू गणात्रा यांना अजिबात दिसत नाही. ते २०१६ साली टँडेमवर मनालीहून खारदुंगला गेले. त्यांची ‘ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स’ ही संस्था अपंग आणि अपंग नसलेली माणसं एकत्र घेऊन असे खेळ करते. पुण्याला जाणारच आहात तर तिथं चौकशी करा. दिसणारा पुढं आणि न दिसणारा मागं, या जोडीचा अनुभव तुमच्या त्या विकणाऱ्यापेक्षा त्यांच्याकडं जास्त असणार.

आता त्या सायकलबद्दल. चकाचक आहे म्हणालात. फोटोत सगळंच चकाचक दिसतं, लग्नाचे फोटो काढून बघा.

आधी डावी बाजू बघा. साध्या सायकलला डावीकडं काही नसतं, टँडेमला तिथं पुढच्या आणि मागच्या पायंडलांना जोडणारी लांब चेन असते. ती मधोमध बोटानं वरखाली हलवा. अर्धा इंच हलली तर ठीक, लोंबत असेल तर ती ताणून देता येते का विचारा. पुढच्या पायंडलाची धुरी ज्या गोल डब्यात बसते तो डबा फिरवून ही चेन ताणतात. वर्षानुवर्षं हात न लावलेला असेल तर तो गंजून बसलेला असतो आणि मग मिस्त्रीचा घाम निघतो. समोर फिरवून दाखवायला सांगा. ही चेन एका साध्या चेनमध्ये भागत नाही, दीड लागते, तेव्हा बदलायची वेळ आली तर किती ते धरून ठेवा. मागच्या ब्रेकची आणि गिअरची केबलही तशीच. बाजारात सहज मिळते ती टँडेमला आखूड पडते. कुणी दोन तुकडे जोडून लावली असेल तर ती काढून नवी अखंड टाकायला सांगा. जोडलेल्या केबलवर मी बसणार नाही.

मग मागचं चाक. तुम्ही दोघं आणि सायकल मिळून दीडशे किलोच्या घरात जाल, आणि ते वजन दोनच चाकांवर असतं. तारा मोजा. ३६ किंवा ४० हव्यात. एकेक तार बोटानं छेडा. सगळ्यांचा आवाज साधारण एकसारखा आला पाहिजे, एखादी थप्प वाजली तर ती सैल आहे किंवा तुटायच्या बेतात आहे. चाक फिरवून आऊट आहे का, म्हणजे डुलतं का, ते बघा. थोडा आऊट काढता येतो, पण वारंवार काढलेल्या चाकाची रिम दमलेली असते. फ्रेमच्या खालच्या नळीला, जिथं ती पुढं वळून वर जाते तिथं, रंगाला बारीक चीर दिसतेय का ते नखानं बघा. नसेल तर बाकीच्या ओरखड्यांचं मनावर घेऊ नका.

माप हा खरा प्रश्न आहे. टँडेमची चौकट बहुधा पुढं मोठी आणि मागं लहान असते. सीट वरखाली होतं, पण पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंतचं अंतर बदलत नाही. ते कमी असेल तर वहिनींचं नाक सतत तुमच्या पाठीशी, आणि तुमच्या घामाचा वास त्यांच्या नाकाशी. वहिनींना बसवा आणि विचारा, खांदे आखडतात का, मनगटं दुखतात का, गुडघा पार वर येतो का. त्यांना उत्तर द्यायला वेळ द्या आणि मधे बोलू नका. मागच्या सीटखाली स्प्रिंगचा दांडा असेल तर उत्तम, नसेल तर तो खर्च आजच धरा. माझ्या मते त्या सायकलवरचा तोच सगळ्यात सत्कारणी लागणारा पैसा.

आणि तो माणूस चालवून बघू देत नसेल तर बोलणं तिथंच संपवा. किती का चकाचक असेना.

सोलापूरचं म्हणाल तर टँडेमला आपलं गाव वाईट नाही. सपाट आहे. सपाटीला टँडेम सुटते, कारण वारा एकट्या पुढच्याला कापावा लागतो आणि जोर दोघांचा असतो. चढाला मात्र ती रडते. आषाढात पश्चिमेचा वारा तोंडावर घेऊन पुणे रोडला निघालात तर मागं कुणीतरी आहे याचं फार बरं वाटतं. उन्हाळ्यात साडेसातच्या आत घरी या, हे तुम्हाला सांगायला नको. सुरुवात एखाद्या शाळेच्या मैदानात करा, रविवारी, विचारून. आम्ही पोरं होम मैदानावर लंगडी पायंडल मारत शिकलो, गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे उतरल्यावर. मग पहाटेचा जुळे सोलापुरातला आतला रुंद रस्ता, आणि बऱ्याच दिवसांनी होटगी. तिकडं सिमेंटच्या गाड्या असतात, त्यामुळं दिवस उजाडल्यावर आणि कडेनं.

काटे! हे कुठलाच विकणारा सांगत नाही. आपल्याकडं रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ आणि तिचे काटे. टँडेमचं मागचं चाक पंक्चर झालं की वजनामुळं टायर क्षणात रिमवर बसतं. बारीक टायर असतील तर बदलून जाड टाका, चौकटीत बसतील तेवढे जाड, आणि ट्यूबमध्ये पंक्चर भरून काढणारं औषध घाला.

तुळजापूरचं तुमच्या मनात आहे, ते मला कळलं. पत्रात लिहिलं नाहीत तरी कळलं. ४५ किलोमीटर आहे आणि शेवटी घाट. चढताना उतरून ढकलावी लागली तर लाज नाही. भीती उतरताना आहे. साध्या सायकलच्या दुप्पट वजन उतारावर सुटतं, रिमला घासणारे ब्रेक सतत दाबून ठेवले तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेक असतील तर जरा बरं, तरी मोठ्या चकतीचे हवेत. वर्षभर दोघांची सवय झाल्याशिवाय तो घाट सायकलवरून उतरू नका. टेम्पोत घालून खाली आणा. आणि कोजागिरीच्या रात्री तर सायकल नकोच, त्या रात्री तो रस्ता चालणाऱ्यांचा असतो.

त्यावरून एक विचारते, रागावू नका. वहिनींना सायकल हवी आहे, की बहिणींबरोबर चालायचं आहे? तुमचा दंड त्या अंधारात धरतात असं तुम्हीच लिहिलंय. कोजागिरीला त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन बहिणी असतील, हातात बॅटरी असेल, आणि मागून तुम्ही, तर त्या निदान तुळजापूर नाक्यापर्यंत तरी जातील, कदाचित पुढंही. हे टँडेमऐवजी करा असं म्हणत नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकीची भर दुसरीनं निघत नाही. त्यांना विचारा. तुम्ही फक्त सायकलचं विचारलंत, पण रूपाभवानीपासून परत फिरणारी बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता पुण्याला फोन करायच्या आधीचं काम. टँडेम लांबीला आठ फूट असते. दुसऱ्या मजल्यावर जिन्यातून ती वळणार नाही, लिफ्टमध्ये उभी करूनही बसणार नाही, तेव्हा ती खालीच राहणार. पार्किंगमध्ये भिंतीच्या कडेला, छपराखाली, आठ फूट बाय अडीच फूट जागा आहे का ते आज संध्याकाळी मोजा, आणि असेल तर ती कुणाच्या स्कूटरची आहे तेही विचारून घ्या. टेप घेऊन खाली उतराल तेव्हा वहिनींना बरोबर न्या. टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच.

तुमची,
ताई